परराष्ट्र मंत्रालयाचे बोलावणे आणि कोल्हापुरातील नोकरी

वाचकाचे पत्र: मी ३६ वर्षांची असून कोल्हापुरातील एका अनुदानित महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. १९५४ चा भारत-चीन करार आणि तिबेटशी चालणारा व्यापार या विषयावर मी पीएच.डी. केली. उत्तर बंगालातील कालिंपाँगच्या व्यापाऱ्यांविषयीच्या नोंदींची चार खोकी भरून कार्डे माझ्याकडे आहेत आणि त्यांवरून लिहायला घेतलेले पुस्तक अर्धे झाले आहे. आता परराष्ट्र मंत्रालयात दोन वर्षांच्या कराराने संशोधन-सल्लागार म्हणून काम करण्याची संधी आली असून महिनाभरात होकार कळवायचा आहे. माझे मार्गदर्शक म्हणतात, ‘एकदा सरकारी टिपणे लिहू लागलीस की संशोधक म्हणून तुझ्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.’ प्राचार्य म्हणतात, ‘जागा कुठे जात नाही, मी आहे ना.’ यजमानांची हरकत नाही. मुलगी चौथीत आहे. जावे का? गेले तर माझे संशोधन माझे राहील का? आणि परत आले तर जागा मिळेल का? (नाव न छापण्याची विनंती, कोल्हापूर)

सप्रेम नमस्कार.

तुमच्या तीन प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर आधी देऊन टाकते. जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र प्राचार्यांच्या तोंडी शब्दावर जाऊ नये आणि पुस्तक अर्धवट ठेवून तर मुळीच जाऊ नये. या दोन्ही गोष्टींबद्दल पुढे लिहितेच. पण तुमच्या पत्रातील खरी बोच तुमच्या मार्गदर्शकांच्या वाक्यात आहे, म्हणून आधी तिच्याकडे वळते. (महाराष्ट्रात ‘मंत्रालय’ म्हटले की मुंबईतील ती एक इमारत डोळ्यांसमोर येते, या उत्तरात मंत्रालय म्हणजे दिल्लीचे परराष्ट्र मंत्रालय, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.)

तुमच्याच विषयातील एक उदाहरण घेऊ. ते तुम्हाला पानापानाने ठाऊक असणार, पण नोकरीच्या अंगाने तुम्ही त्याकडे कदाचित पाहिले नसेल. मी सर्वपल्ली गोपाल यांच्याविषयी बोलते आहे. राधाकृष्णन यांचे चिरंजीव म्हणून लोक त्यांना ओळखतात. परंतु व्हाइसरॉय लॉर्ड रिपनच्या कारकिर्दीवर ऑक्सफर्डला संशोधन केलेले, आंध्र विद्यापीठात शिकवलेले आणि राष्ट्रीय अभिलेखागारात काम केलेले ते पक्के दप्तरी इतिहासकार होते. १९५४ मध्ये, म्हणजे नेमक्या तुमच्या कराराच्या वर्षी, ते परराष्ट्र मंत्रालयाच्या इतिहास विभागाचे संचालक झाले आणि १९६६ पर्यंत तेथे राहिले. त्यानंतर ऑक्सफर्डचे सेंट अँटनीज कॉलेज, पुढे जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे इतिहास केंद्र, आणि १९७५, १९७९ व १९८४ या वर्षांत आलेले नेहरू-चरित्राचे तीन खंड. पहिल्या खंडाला १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. बारा वर्षे सरकारी टिपणे लिहिलेल्या माणसाला विद्यापीठांनी परत घेतले नाही, असे येथे तरी दिसत नाही. तुमच्या मार्गदर्शकांचे भाकीत शब्दशः घेतले तर ते येथेच खोटे ठरते.

तरीही त्यांच्या म्हणण्यात जो अंश खरा आहे तो गोपाल यांच्याच आयुष्यातील एका हिवाळ्यात दडलेला आहे. भारत-चीन सीमेवर १९५९ च्या ऑगस्टमध्ये लोंगजू येथे आणि ऑक्टोबरमध्ये कोंगका खिंडीजवळ गोळीबार झाला. लडाखच्या ईशान्येकडील अक्साई चीनचा नेमका कोणता भाग आपला आणि कोणता दुसऱ्याचा हा वादाचा विषय आहे, असे नेहरू तोवर संसदेत उघडपणे म्हणत होते. वर्ष संपत आले असता गोपाल यांना लंडनला पाठवण्यात आले, इंडिया ऑफिसची, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या जुन्या भारत-खात्याची, कागदपत्रे तपासून सीमेच्या प्रश्नावर पुरावा काय सांगतो ते पाहण्यासाठी. १९६० च्या आरंभी परत येऊन त्यांनी पंतप्रधानांना सांगितले की अक्साई चीनवरील भारताचा दावा चीनच्या दाव्याहून बळकट आहे. एप्रिलमध्ये चीनचे पंतप्रधान चौ एन लाय दिल्लीला आले, बोलणी फसली, आणि दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांनी आपापले पुरावे समोरासमोर मांडावेत एवढेच ठरले. जून ते डिसेंबर या काळात पेकिंग (आजचे बीजिंग), दिल्ली आणि रंगून अशा तीन ठिकाणी त्या बैठका झाल्या. भारतीय बाजूचे नेतृत्व परराष्ट्र सेवेतील जगत मेहता यांच्याकडे होते आणि इतिहासाची बाजू गोपाल यांच्याकडे. १९६१ च्या फेब्रुवारीत दोन्ही बाजूंचे अहवाल प्रसिद्ध झाले. ते तुम्ही प्रबंधात वापरले असणारच.

आता याच दप्तरात १८६५ च्या सुमाराची, अक्साई चीन काश्मीरच्या हद्दीत दाखवणारी, सर्वेक्षक जॉन्सनची रेषा होती आणि १८९९ मध्ये ब्रिटिशांनी पेकिंगला सुचवलेली, अक्साई चीनचा मोठा भाग पलीकडे सोडणारी दुसरी रेषाही होती. ग्रंथालयात बसलेल्या इतिहासकाराने या दोन रेषांमधल्या संदिग्धतेवर एक सबंध प्रकरण लिहिले असते, ब्रिटिशांचे धोरण रशियाच्या भीतीप्रमाणे कसे मागेपुढे सरकत होते ते दाखवले असते आणि शेवटी निष्कर्ष उघडा ठेवला असता. संचालकाच्या खुर्चीत बसलेल्या इतिहासकाराला विचारलेला प्रश्नच वेगळा होता: आपली बाजू किती भक्कम आहे? त्या प्रश्नाचे त्यांनी प्रामाणिक आणि कसून उत्तर दिले. त्यांच्या निष्कर्षांशी भांडणारे अभ्यासकसुद्धा तो अहवाल हाताशी ठेवूनच भांडतात, यावरून त्या कामाचा कस कळतो. परंतु ‘आपला पुरावा बळकट आहे’ या विधानापासून ‘म्हणून येथे देवाणघेवाणीला जागा नाही’ या भूमिकेपर्यंतचा प्रवास दप्तरातून निघत नाही. ते पाऊल राजकारणाचे होते. त्यामागे संसद होती, वृत्तपत्रे होती, जनमत होते. इतिहासकाराच्या कागदाने त्या पावलाला टेकू दिला एवढे मात्र खरे. माझ्या मते गोपाल यांच्या विद्वत्तेला त्यामुळे उणेपणा येत नाही. उणीव त्या व्यवस्थेत आहे, जिच्यात कागद वर चढताना त्यातील शंका पायऱ्यापायऱ्यांवर गळत जातात.

हे मी ऐकीव माहितीवरून लिहीत नाही. अनेक वर्षांपूर्वी मी स्वतः विद्यापीठातून रजा घेऊन दिल्लीतील एका सरकारी कार्यालयात तीन वर्षे काढली. माझे पहिले टिपण एकोणीस पानांचे होते, तळटीपांसह. दुपारी बारा वाजता ते परत आले. कोपऱ्यात हिरव्या शाईत शेरा होता: ‘दीड पान. चार वाजेपर्यंत.’ याचे मला फारसे दुःख झाले नाही, कारण दीड पानात लिहिता येणे हीही एक विद्या आहे आणि ती विद्यापीठात कोणी शिकवत नाही. दुःख झाले ते आठवड्याने. माझ्या दीड पानात एक वाक्य होते: ‘पुरावा एकंदरीत अनुकूल असला तरी दोन महत्त्वाच्या बाबतींत संमिश्र आहे.’ तीन टेबलांवरून फिरून जेव्हा ते टिपण एका मोठ्या टिपणात सामावले गेले, तेव्हा तेथे उरले होते ‘पुरावा अनुकूल आहे’. कोणी लबाडी केली नव्हती. पहिल्याने ‘दोन महत्त्वाच्या बाबी’ जोडपत्रात टाकल्या, दुसऱ्याने जागा कमी म्हणून ‘एकंदरीत’ काढले, तिसऱ्याला वाक्याचा ‘असला तरी’ हा सांधा निरर्थक वाटला. तिघेही आपापल्या परीने मराठी शाळामास्तरासारखे भाषा सुधारत होते.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली आणि तुम्हालाही तीच सुचवते. शंका कधीही वेगळ्या वाक्यात, वेगळ्या परिच्छेदात किंवा जोडपत्रात ठेवू नका. ती विधानाच्या पोटातच अशी गुंफा की ती काढली तर वाक्य उभेच राहणार नाही. ‘दावा बळकट आहे, मात्र काही कागद विरोधी आहेत’ असे लिहिण्याऐवजी ‘१८९९ चा प्रस्ताव पेकिंगने स्वीकारला नाही, या एकाच गोष्टीवर आपला दावा टिकून आहे’ अशा धर्तीवर लिहावे. (हे वाक्य केवळ घडणीचा नमुना म्हणून घ्यावे, दाव्याविषयीचे माझे मत म्हणून घेऊ नये.) असे वाक्य कापायला कापणाऱ्याला विचार करावा लागतो, आणि विचार करायला लागला की तो फोन उचलून तुम्हाला विचारतो. टिपणाचा खरा उपयोग त्या फोनच्या वेळी होतो, असे मला तीन वर्षांत अनेकदा दिसले.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर शंका टिकवणे हाच संशोधकाचा एकमेव धर्म असे वाटेल. इतिहासकार क. म. पणिक्कर चीनमध्ये आपले राजदूत होते. १९५० च्या ऑक्टोबरच्या आरंभी, मध्यरात्र उलटल्यावर, चौ एन लाय यांनी त्यांना बोलावून सांगितले की अमेरिकी सैन्याने उत्तर व दक्षिण कोरियाला विभागणारे ३८ वे अक्षवृत्त ओलांडले तर चीन युद्धात उतरेल. निरोप दिल्लीमार्गे वॉशिंग्टनला पोचला. तेथे त्यावर विश्वास ठेवला गेला नाही, आणि त्यामागील एक मोठे कारण असे की पणिक्कर हे चीनकडे झुकलेले गृहस्थ आहेत अशी तेथील धारणा झाली होती. थोड्याच दिवसांत चिनी फौजा सीमेवरील यालू नदी ओलांडून कोरियात आल्या. निरोप खरा होता. आणणाऱ्याची पत त्या दाराशी आधीच खर्च झाली होती. म्हणून तुमच्या मार्गदर्शकांनी वापरलेला ‘विश्वास’ हा शब्द मी निराळ्या जागी ठेवेन. तुम्ही सरकारात गेलात की नाही यावरून कोणी तुमच्यावर विश्वास ठेवणार किंवा काढून घेणार नाही. तुमचे उत्तर प्रश्न ऐकण्याआधीच ओळखता येते अशी तुमची ख्याती झाली, तर मात्र विद्यापीठ आणि मंत्रालय दोन्हीकडे तुमचे बोलणे फुकट जाईल. तुम्ही गेल्या काही वर्षांत तिबेटी व्यापाऱ्यांच्या बाजूने विचार करत आला आहात. ते स्वाभाविक आहे, पण दिल्लीत पहिल्या सहा महिन्यांत एखादे टिपण तरी असे लिहा की ज्याचा निष्कर्ष तुम्हाला स्वतःला गैरसोयीचा असेल.

आता ‘माझे संशोधन माझे राहील का’ या प्रश्नाकडे येऊ. कायद्याच्या भाषेत सांगायचे तर कार्यालयात बसून, कार्यालयाच्या कागदांवरून जे लिहाल ते तुमचे नसेल. शासकीय गुपिते अधिनियम १९२३ चा आहे आणि तो सल्लागारालाही सोडत नाही. जुने अभिलेख खुले करण्याची तरतूद १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमाखाली आहे खरी, पण चीन-सीमेच्या फायली त्या तरतुदीची वाट पाहत बसल्या आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको. तेव्हा दिल्लीत गेल्यामुळे जे कागद पाहायला मिळतील ते पुढे तुमच्या पुस्तकात येतील, ही आशा जाण्यापूर्वीच सोडून द्या. उलट धोका असा आहे की एखादी गोष्ट तुम्हाला कोठून कळली हेच काही वर्षांनी आठवेनासे होते आणि खुल्या साधनांवरून लिहिलेल्या परिच्छेदाबाबतही मन खात्री देईनासे होते.

याबाबत गोपाल यांचे वेळापत्रक पाहण्यासारखे आहे. मंत्रालयात असतानाच त्यांची दोन पुस्तके आली: १९५७ मध्ये लॉर्ड आयर्विनवरचे आणि १९६५ मध्ये १८५८ ते १९०५ या काळातील ब्रिटिश धोरणावरचे. दोन्ही व्हाइसरॉयांच्या काळातील. ज्या सीमेवर ते दिवसभर काम करत होते तिच्यावर त्या बारा वर्षांत त्यांनी स्वतःच्या नावाने ग्रंथ काढला नाही. दिवसाचा विषय एक आणि रात्रीचा विषय दुसरा, अशी ही विभागणी होती, आणि मला ती अतिशय शहाणपणाची वाटते. नेहरूंवर त्यांनी लिहिले ते मंत्रालय सोडल्यावर बऱ्याच वर्षांनी, आणि तेव्हाही समीक्षकांनी विचारलेच की ज्या खोलीत लेखक स्वतः बसला होता त्या खोलीचे चित्र तो किती अंतरावरून काढू शकतो. नेहरूंविषयी, विशेषतः चीनबाबत, ते हात राखून लिहितात हा आक्षेप मला बराचसा पटतो. तरीही ते खंड मी विद्यार्थ्यांना वाचायला लावत असे, कारण फाइल कशी चालते हे ठाऊक असलेला माणूस कागद वाचताना जे पाहतो ते इतरांना दिसत नाही.

अमेरिकी मंडळींचे पाहून तुम्ही मोहात पडू नये म्हणून एक उदाहरण देते. हार्वर्डचे अर्थशास्त्रज्ञ जॉन केनेथ गॅलब्रेथ १९६१ ते १९६३ या काळात दिल्लीत राजदूत होते, म्हणजे १९६२ च्या युद्धात ते ऐन जागी होते. त्या काळात लिहिलेली रोजनिशी त्यांनी १९६९ मध्ये छापूनही टाकली. आपल्याकडे हे होत नाही. तुम्ही रोजनिशी लिहीत असाल तर लिहा, पण तिच्यात जेवण, हवामान, माणसे आणि स्वतःचे विचार यापलीकडे काही नको. फाइल क्रमांक, बैठकीतील विधाने, मसुद्याचे तुकडे यांतील काहीही नको.

यावरून तुमच्या पुस्तकाचा प्रश्न आपोआप सुटतो. हस्तलिखित पूर्ण करून प्रकाशकाकडे दिल्याशिवाय रुजू होऊ नका. मुदत एका महिन्याची असली तरी ती होकाराची आहे. रुजू होण्यासाठी तीन-चार महिने मागता येतात आणि बहुधा मिळतात. एकदा रुजू झालात की चीनविषयी छापायच्या प्रत्येक ओळीला परवानगी लागेल, आणि ती नाकारली जाणार नाही. ती फक्त येणार नाही. उरलेली प्रकरणे घाईने लिहावी लागली तर एखादे गाळा. १९५४ च्या करारात ज्या सहा खिंडींची नावे आहेत, शिपकी, माना, नीती, कुंगरी बिंगरी, दारमा आणि लिपुलेख, त्यांतील लिपुलेखवर आज नेपाळशीही वाद आहे. ते प्रकरण तुम्ही लिहीत असाल तर ते आत्ताच, प्राध्यापिका म्हणून लिहून टाका. कालिंपाँगचा लोकर-व्यापार मात्र रात्रीचा विषय म्हणून पुढे चालवता येईल असे वाटते. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत थांबलात तर कोणाच्या भुवया उंचावणार नाहीत.

मार्गदर्शकांचा मुद्दा संपवण्यापूर्वी सहकाऱ्यांबद्दलही लिहायला हवे, कारण ‘तू सरकारी झालीस’ हे शब्द परक्यापेक्षा आपल्या माणसाकडून जास्त लागतात. १९७० च्या मे महिन्यात, अमेरिकेने कंबोडियात फौजा घातल्यावर, हार्वर्डचे दहा-बारा प्राध्यापक अध्यक्ष निक्सन यांचे सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर यांना भेटायला वॉशिंग्टनला गेले. पुढारी होते अर्थशास्त्रज्ञ टॉमस शेलिंग. हे सगळे किसिंजर यांचे जुने सहकारी होते आणि त्यांतील बरेच जण स्वतः सरकारचे सल्लागार राहिलेले होते; आपण यापुढे तुमच्यासोबत नाही, हे तोंडावर सांगायला ते आले होते. मला त्या प्रसंगात दोन गोष्टी दिसतात. त्यांचा राग किसिंजर सरकारात गेले म्हणून नव्हता; एका विशिष्ट निर्णयामुळे होता. आणि ते आले, बोलले, मग गेले. तुमचे मार्गदर्शकही आज तुम्हाला सरसकट नाही म्हणत असले तरी उद्या विशिष्ट प्रश्न विचारतील, आणि तुम्हाला उत्तर देता येणार नाही, कारण उत्तर फाइलमध्ये असेल. ती गप्प बसण्याची वेळ सर्वांत अवघड असते. जाण्यापूर्वी त्यांना भेटून एवढेच सांगा की दोन वर्षे काही प्रश्नांना मी उत्तर देणार नाही आणि तुम्ही ते विचारणे थांबवू नये.

मराठी वाचकांसाठी येथे एक नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. पुण्याचे वसंत वासुदेव परांजपे १९४७ मध्ये शिष्यवृत्तीवर पेकिंग विद्यापीठात चिनी शिकायला गेले, तेथूनच आपल्या दूतावासात दाखल झाले आणि नेहरू व चिनी नेते यांच्या भेटींत दुभाषी म्हणून बसले. पुढे ते राजदूतही झाले. विद्यार्थी म्हणून मिळवलेल्या भाषेने त्यांना त्या टेबलाशी नेऊन बसवले. पण दुभाषी म्हणून त्या खोलीत त्यांच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द दुसऱ्याचा होता. तुम्ही पत्रात चिनी येते असे कोठे लिहिलेले नाही. येत नसेल तर दिल्लीत संध्याकाळचे वर्ग लावा. तिबेटी थोडीफार येत असेल तर ती अजिबात सोडू नका. मंत्रालयातील गर्दीत तुमचे वेगळेपण तेच आहे.

आता जागेचे. प्राचार्य सज्जन असतील, परंतु ते तुमच्या परतण्याच्या आत निवृत्त होऊ शकतात, आणि अनुदानित महाविद्यालयातील रिक्त जागेवर किती डोळे असतात ते तुम्ही जाणता. धारणाधिकार, म्हणजे मूळ जागेवर परतण्याचा हक्क, लेखी घ्या. त्यासाठी अर्ज प्राचार्यांमार्फत संस्थेच्या व्यवस्थापनाकडे जाईल; व्यवस्थापनाचा ठराव, विद्यापीठाची मान्यता आणि उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाचे पत्र हे तिन्ही कागद हाती आल्यावरच कार्यमुक्त व्हा. मंत्रालयाला आधी विचारा की ही नेमणूक प्रतिनियुक्तीने करता येईल का. प्रतिनियुक्ती असेल तर सेवेचा सलगपणा, निवृत्तिवेतन आणि पदोन्नतीसाठी धरली जाणारी वर्षे यांबाबत भांडायला पाया राहतो. निव्वळ करार असेल तर तुम्ही असाधारण रजेवर किंवा धारणाधिकारावर जाल आणि या दोन वर्षांचा हिशेब सेवापुस्तकात कसा लिहिला जाईल हे आधीच विचारून घ्यावे लागेल. तोंडी उत्तर मिळाले तर त्याच संध्याकाळी ‘आज झालेल्या बोलण्यानुसार’ अशी सुरुवात करून ईमेल पाठवा. याला कोणी अविश्वास म्हणणार नाही, आणि म्हणाले तरी चालेल.

मुदत वाढवण्याबद्दल आत्ताच मनाशी ठरवून ठेवा. किसिंजर १९६९ मध्ये हार्वर्डमधून रजेवर गेले, दोन वर्षांनी रजा संपली तेव्हा त्यांनी प्राध्यापकी सोडली, आणि पुढे ते त्या विद्यापीठात शिकवायला परतले नाहीत. त्यांचेच समकालीन, हार्वर्डचेच प्राध्यापक डॅनियल पॅट्रिक मॉयनिहान १९७३ मध्ये राजदूत म्हणून दिल्लीला आले. अमेरिकी धान्यमदतीपोटी भारतात साठलेल्या रुपयांचा प्रश्न मिटवताना १९७४ मध्ये त्यांनी भारताच्या नावे १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश दिला, तो जगातील सर्वांत मोठा धनादेश म्हणून गाजला. आणि दोन वर्षे होत आली तसे ते हार्वर्डच्या ओढीने परत गेले. अर्थात लगेचच राजकारणाने त्यांना पुन्हा ओढले, ती गोष्ट निराळी. सरकारात दुसरे वर्ष पहिल्यापेक्षा फार रुचकर असते. माणसे ओळखीची होतात, तुमच्या टिपणांची वाट पाहिली जाते, आणि नेमके तेव्हाच कोणीतरी ‘अजून एक वर्ष थांबा ना’ म्हणते. तुमची मुलगी तेव्हा सहावीत जाणार असेल. मी तीन वर्षे राहिले. तिसरे वर्ष राहिले नसते तरी चालले असते, असे आज वाटते.

घराबद्दल मी फार लिहीत नाही, कारण तुम्ही दोघांनी ते ठरवलेले दिसते. मुलीला पहिल्या वर्षी कोल्हापुरातच ठेवून दिवाळी, नाताळ आणि मे महिना असे दिल्लीला नेता येईल; कोल्हापूरहून निजामुद्दीनला साप्ताहिक गाडी आहे आणि मिरजेहून गोवा एक्सप्रेस रोजची आहे. सासूबाईंचा उल्लेख पत्रात नाही. त्यांना विचारले नसेल तर विचारा.

राहता राहिली कार्डांची ती चार खोकी. ‘दिल्लीला न्यावीत की कसे’ असे तुम्ही विचारलेले नाही, पण तुम्ही ती नेणार याची मला खात्री आहे. मीही माझ्या वह्या नेल्या होत्या. नेऊ नका. जाण्यापूर्वी प्रत्येक खोक्यातील कार्डांची अनुक्रमणिका तयार करा, पहिल्या आणि शेवटच्या कार्डावर तारीख घाला, सगळ्यांची छायाचित्रे काढून ती महाविद्यालयाच्या ग्रंथपालांकडे सही घेऊन ठेवा आणि खोकी घरातच राहू द्या. दोन वर्षांनी कोणी विचारले की ही माहिती तुम्हाला मंत्रालयात मिळाली की त्याआधी, तर ग्रंथपालांची तारखेसह सही हे तुमचे उत्तर असेल. दिल्लीत गेल्यावर नव्या नोंदींसाठी नव्या वह्या घ्या, शक्यतो वेगळ्या रंगाच्या, आणि परत येताना त्या कार्यालयातच सोडून या.

तुमची,
सदर-लेखिका

ता. क. होकाराच्या पत्रात रुजू होण्याची तारीख रिकामी सोडू नका. ती तुम्हीच सुचवा, आणि हस्तलिखित प्रकाशकाच्या हाती पडण्याची तारीख त्याआधी किमान पंधरा दिवस ठेवा.